झाड कोणाच्या हवाली?

जपानमधल्या ओमियाच्या बोन्साय वस्तीत राहायला यायचं, तर एकेकाळी चार अटी मान्य कराव्या लागत. घरी किमान दहा बोन्साय असली पाहिजेत. कोणालाही येऊन बघता यावं म्हणून बाग उघडी ठेवली पाहिजे. घरावर दुसरा मजला चढवायचा नाही. आणि कुंपण भिंतीचं नको, झाडांचं हवं. हिंजवडीत बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या आणि 'कठड्यावर कुंड्या ठेवू नयेत' हे सोसायटीचं परिपत्रक दर पावसाळ्याआधी वाचणाऱ्या माणसाला ही यादी वाचून हसू येईल. पण बोन्सायच्या छंदाभोवती उभ्या राहिलेल्या संस्थांचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात इथूनच करावी लागते. त्या चार अटींमागे जो प्रश्न होता, तोच आज या संस्थांपुढे पुन्हा येऊन उभा आहे.

१ सप्टेंबर १९२३च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झालं. शहरातल्या दाटीत बोन्साय वाढवणाऱ्या माळ्यांना स्वच्छ पाणी, मोकळी हवा आणि चांगली माती हवी होती. १९२५पासून ते उत्तरेला ओमियाजवळच्या माळावर येऊन वसू लागले. दहा वर्षांत तिथे तीसेक बागा झाल्या. मग युद्ध आलं. बोन्साय ही चैन ठरली, घरातले तरुण सैन्यात गेले आणि कुंडीतल्या झाडाला रोज पाणी घालायला माणूस उरला नाही. जमिनीतलं झाड धन्याशिवाय दोन-चार वर्षं कशीबशी काढतं. दोन-तीन इंच खोल ट्रेमधलं झाड भर उन्हाळ्यात दोन-चार दिवससुद्धा काढत नाही. ओमियातल्या 'मान्सेइ-एन' बागेचे साबुरो काटो (जन्म १९१५) यांची पिढी हे सगळं पाहून मोठी झाली. पुढे जागतिक संघटना उभी करताना काटो सतत शांततेची भाषा बोलत. ती मला आधी समारंभी वाटायची. पण युद्धात सगळ्यात आधी काय मरतं हे या माणसाने कुंड्यांच्या रांगांमध्ये पाहिलं होतं, हे लक्षात घेतलं की ती भाषा तशी वाटत नाही.

युद्धानंतर गोष्ट उलटी फिरली. ज्यांनी हरवलं त्यांनाच या झाडांची भूल पडली. जपानमध्ये तैनात असलेले अमेरिकी अधिकारी आणि त्यांच्या बायका बोन्साय शिकायला येऊ लागल्या. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये जॉन नाका आणि त्यांच्या चार मित्रांनी १९५० साली क्लब काढला. ब्रुकलिनच्या वनस्पती उद्यानाने १९५३ साली काढलेली छोटी पुस्तिका इंग्रजी वाचणाऱ्या जगभर पोचली. १९६४च्या तोक्यो ऑलिम्पिकच्या वेळी मोठं प्रदर्शन झालं, १९६५ साली जपानची राष्ट्रीय बोन्साय संघटना स्थापन झाली, १९७०च्या ओसाका एक्स्पोमध्ये जगाने पुन्हा रांगा लावल्या. अमेरिकेत 'बोन्साय क्लब्ज इंटरनॅशनल' ही क्लबांची शिखरसंस्था वाढली; तिचा कणा म्हणजे तिचं नियतकालिक.

एक प्रसंग मात्र थांबून सांगण्यासारखा आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने त्या देशाला ५३ बोन्साय भेट दिली. झाडं १९७५ साली पोचली आणि लगेच वर्षभरासाठी मेरीलँडमधल्या सरकारी विलगीकरण केंद्रात गेली, कारण बाहेरच्या मातीतली कीड देशात येऊ द्यायची नाही असा नियम. भेट म्हणून आलेल्या झाडांनाही तो चुकला नाही. जुलै १९७६मध्ये ती समारंभपूर्वक वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात दाखल झाली. त्यांत मासारु यामाकी यांनी दिलेला एक पांढरा पाइन होता. १६२५पासून कुंडीत वाढवलेला, एवढी नोंद होती. २००१ साली यामाकींचे दोन नातू झाड बघायला आले आणि त्यांनी सांगितलं, ६ ऑगस्ट १९४५ रोजी हे झाड हिरोशिमातच होतं. बॉम्ब पडला त्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, घराच्या बागेत, भिंतीच्या आडोशाला. पंचवीस वर्षं झाडाची देखभाल चोख झाली होती. रोजचं पाणी, छाटणी, कुंडी बदलणं, सगळं. फक्त त्याची गोष्ट त्याच्यासोबत आली नव्हती. आमच्या धंद्यात याला 'केटी राहिली' म्हणतात: कोड चालतोय, पण तो असा का लिहिला हे सांगणारा माणूस कंपनी सोडून गेलाय.

जागतिक संघटनेची कल्पना १९८० साली होनोलुलूच्या आंतरराष्ट्रीय संमेलनात रुजली. काटो, नाका आणि होनोलुलूचे वकील टेड त्सुकियामा हे तिचे आधारस्तंभ. त्सुकियामांचं चरित्र स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे. जन्माने अमेरिकी, वंशाने जपानी; पर्ल हार्बरनंतर स्वतःच्या देशाने संशयित ठरवलेले; तरीही सैन्यात गेले आणि भारत-ब्रह्मदेश आघाडीवर जपानी भाषेच्या ज्ञानाचा उपयोग करत गुप्तवार्ता विभागात राबले. अशा माणसाला 'मैत्री' हा शब्द संस्थेच्या नावातच हवासा वाटला, यात नवल नाही. एप्रिल १९८९मध्ये ओमियात पहिलं जागतिक संमेलन भरलं आणि 'वर्ल्ड बोन्साय फ्रेंडशिप फेडरेशन' अस्तित्वात आली. जगाचे नऊ विभाग पाडले गेले, भारत हा त्यातला एक. दर चार वर्षांनी संमेलन, दर वेळी नवा देश: ऑरलँडो, सोल, म्युनिक, वॉशिंग्टन, सान हुआन, चीनमधलं जिनतान आणि २०१७ साली पुन्हा ओमिया. नंतरचं पर्थला २०२१ साली व्हायचं होतं. कोविडमुळे ते त्या वर्षी झालं नाही.

दर चार वर्षांनी भेटणं हे आज संथ वाटेल, पण १९८९ साली तेच पुरेसं होतं. त्या काळी ज्ञान माणसाच्या हातात असे. पाइनची पालवी कोणत्या आठवड्यात खुडायची, तांब्याची तार फांदीला किती अंशाच्या कोनात गुंडाळायची, हे बघितल्याशिवाय कळत नसे आणि बघायला उस्ताद मंचावर यावा लागे. उस्ताद बोलावणं एकट्यादुकट्याच्या खिशाचं काम नव्हतं, म्हणून वर्गणी. वर्गणी गोळा करायची म्हणून क्लब. आणि क्लबांची मोट बांधायची म्हणून शिखरसंस्था. संस्थेची अख्खी उतरंड ज्ञान दुर्मीळ होतं या एका गोष्टीवर उभी होती.

भारतात हा छंद आला तो याच उतरंडीच्या टोकाला. दिल्लीत लीला धांडा यांच्याभोवती आणि मुंबईत इंडो-जॅपनीज असोसिएशनच्या बोन्साय अभ्यासगटात ज्योती आणि निकुंज पारेख यांच्याभोवती मंडळी जमली. अभ्यासगट हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण अभ्यास करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जपानी पुस्तकातलं वर्ष थंडीत झोपतं आणि वसंतात जागं होतं. मुंबईचं वर्ष कधी झोपतच नाही. ते जूनमध्ये भिजतं आणि मेमध्ये भाजतं. पुस्तकात कुंडी बदलायची वेळ म्हणजे बर्फ वितळल्यावर. इथे वडाची मुळं छाटायची तर उन्हाळ्याची सुरुवात किंवा पावसाळ्याचं तोंड. जपानमध्ये 'अकादामा' नावाची दाणेदार माती पोत्याने मिळते. इथे विटांचे तुकडे चाळून, जाडी वाळू आणि शेणखत मिसळून तेच काम भागवावं लागलं. ज्युनिपर आणि पाइन ही तिथली मानाची झाडं पश्चिम किनाऱ्याच्या दमट हवेत रुसून बसतात. उलट वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ही आपली मंडळी ट्रेमध्येही असा जीव धरतात की कौतुक वाटावं. नांदरुकाचा तर बुंधाच पाच-सात वर्षांत म्हातारा दिसायला लागतो. वडाला दमट हवेत पारंब्या सुटतात आणि ट्रेमध्ये उतरून दुसरे बुंधे होतात. हे रूप ओमियाच्या थंडीत सहजासहजी मिळत नाही. म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्थेने इथे व्याकरण दिलं; शब्द इथल्या झाडांचे निघाले.

आणि झाडं कुठून आणायची? जपानमध्ये डोंगरातून उपटून आणलेल्या जुन्या झाडाला 'यामादोरी' म्हणतात. आपल्याकडे डोंगर चढायची गरजच पडली नाही. पुण्यात वाडे पडत गेले, मुंबईत चाळी पडत गेल्या आणि त्यांच्या भिंतींच्या फटीत वर्षानुवर्षं उपाशीतापाशी वाढलेली वड-पिंपळाची रोपं मोकळी झाली. चुन्याच्या भिंतीत वाकडीतिकडी वाढलेली मुळं हौशी माणसाच्या दृष्टीने सोनंच. पेठेतला वाडा जातो, बिल्डरचा फलक लागतो आणि त्या वाड्याच्या कोनाड्यातला पिंपळ कोणाच्या तरी गच्चीवर जगत राहतो. शहराच्या इतिहासाची अशीही एक नोंद असते, फक्त ती कोणी लिहून ठेवत नाही.

मराठी माणसाचं मात्र या प्रकाराशी कधी पुरतं जमलं नाही. 'बोन्साय' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखाच वापरला जातो. संस्थेचा बोन्साय झाला, नेत्याने कार्यकर्त्यांचा बोन्साय केला, मुलांना क्लासला घालून त्यांचा बोन्साय करू नका. मुळात जपानी शब्दाचा अर्थ एवढाच: 'बोन' म्हणजे पसरट भांडं आणि 'साय' म्हणजे लावणी. खुंटणं त्यात कुठेच नाही. शिवाय वास्तुशास्त्राची पुस्तकं बोन्साय घरात ठेवू नये म्हणतात आणि घरातली मोठी माणसं वड-पिंपळ दारात लावू नये म्हणतात. झाडाला छळणं आहे हे, असा आक्षेप तर प्रत्येक प्रदर्शनात एकदा तरी ऐकू येतो. त्यावर खरं उत्तर असं की, छाटणी झाडाला नवी नाही. द्राक्षाच्या बागेत वर्षातून दोनदा ती होते आणि तिथे कोणी हळहळत नाही. नीट सांभाळलेलं बोन्साय त्याच जातीच्या जमिनीतल्या झाडाइतकं किंवा त्याहून जास्त जगू शकतं. यामाकींचा पाइन चारशे वर्षांचा झाला.

पण हेच मराठी घर वटपौर्णिमेला वेगळं वागतं. उंच इमारतींच्या भागात पूजेला वड मिळत नाही. बाजारात तोडलेल्या फांद्या विकायला येतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. त्यावर उपाय म्हणून कुंडीतल्या छोट्या वडाची पूजा करण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत रुळली. हिंजवडी, वाकड, बाणेर या पट्ट्यात त्या दिवशी सोसायटीच्या लॉबीत ट्रेमधला वड मांडलेला दिसतो आणि त्याला सात फेरे मारायला फार जागाही लागत नाही. मला हे फार आवडतं. कुठल्याही फेडरेशनच्या योजनेशिवाय, कुठल्याही परिषदेच्या ठरावाशिवाय बोन्सायला इथे एक काम मिळालं. संस्थांनी मात्र या कामाकडे म्हणावं तसं लक्ष दिलेलं नाही.

त्याऐवजी लक्ष जातं ते दाव्यांकडे. बोन्साय मूळ भारतीयच, 'वामनतनु वृक्षादि विद्या' या नावाने ते आपल्याकडे होतं, मग चीनमार्गे जपानला गेलं, हे आपल्या प्रदर्शनांत ठरलेलं वाक्य आहे. चीनच्या बाजूने दाखवायला एक भिंत आहे: राजपुत्र झांगह्वाय याच्या इ.स. ७०६च्या थडग्यात, ताटलीत लावलेली चिमुकली झाडं घेऊन चाललेल्या सेवकांचं चित्र. आपल्या बाजूने दाखवायला एक नाव आहे. नावापेक्षा भिंत भक्कम. आणि समजा दावा खरा निघाला, तरी त्याने उद्या सकाळी कुंडीला पाणी मिळत नाही.

पुण्याने या छंदाचं सर्वांत मोठं दर्शन घडवलं ते फेब्रुवारी २०१८मध्ये. प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर 'बोन्साय नमस्ते' हे आंतरराष्ट्रीय संमेलन आणि प्रदर्शन भरलं. परदेशातले उस्ताद आले, प्रात्यक्षिकं झाली आणि ३,३३३ बोन्साय एका जागी मांडल्याची गिनेस बुकात नोंद झाली. विक्रमांचं मला एरवी फार कौतुक नाही, पण या आकड्यापाशी मी थांबलो, तो वेगळ्या कारणाने. एका झाडाला हाताने पाणी घालायला वीस सेकंद धरली, तर ३,३३३ झाडांना साडेअठरा तास लागतात. मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा लहान ट्रेला दिवसातून दोनदा पाणी लागतं. म्हणजे एका माणसाचा दिवस पुरत नाही. प्रत्येक मोठ्या संग्रहामागे न दिसणारी माळ्यांची फळी असते, आणि तिचा पगार, तिचं शिकणं, तिच्यानंतर कोण, हे प्रश्न प्रदर्शनाच्या मांडवात विचारायची पद्धत नाही.

आता मूळ मुद्दा. संस्थांची उतरंड ज्या दुर्मीळतेवर उभी होती ती संपली. काटोंच्या पिढीतलं गुपित आज मोबाइलवर दिसतं. जपानमध्ये कडक गुरूकडे सहा वर्षं उमेदवारी केलेले अमेरिकेतले रायन नील २०१७पासून ऑरेगनमधल्या आपल्या बागेतून पैसे घेऊन थेट शिकवणी प्रसारित करतात. ती हिंजवडीतल्या माणसाला रात्री जेवणानंतर बघता येते. 'बोन्साय टुडे'सारखं गाजलेलं इंग्रजी मासिक बंद पडलं. नव्या मुलाला वर्गणी भरून क्लबात जायचं कारण सापडत नाही आणि क्लबात गेला तर आजीव सभासद त्याला खुर्च्या लावायला सांगतात. यावर फेडरेशनने शोधलेला एक उपाय म्हणजे २०१०पासून मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, साबुरो काटोंच्या स्मरणार्थ, जागतिक बोन्साय दिन. बरा आहे. पण आपल्याकडे मेमधला दुसरा शनिवार म्हणजे झाडं सावलीत सरकवून जीव मुठीत धरायचे दिवस. उत्तरेच्या वसंतात ठरवलेला मुहूर्त.

माझ्या मते चूक उपायात नाही, आजाराच्या निदानात आहे. 'तरुणांना आकर्षित कसं करायचं' हा प्रश्न सगळ्या हौशी संस्था विचारतात, मग ती नाट्यसंस्था असो की गिर्यारोहण संघ. बोन्सायची अडचण वेगळी आहे, कारण इथे छंदाची वस्तू छंदिष्टापेक्षा जास्त जगते. साठी ओलांडलेल्या सभासदाच्या गच्चीवर चाळीस वर्षं वाढवलेली झाडं असतात. मुलगा डॅलसला, मुलगी सिंगापूरला. गुडघे ट्रे उचलू देत नाहीत. त्या झाडांचं काय होणार हे सांगणारा व्हिडिओ नाही, ॲप नाही. ते फक्त एक माणूस दुसऱ्या ओळखीच्या माणसाला सांगू शकतो. ओळखीची ती साखळी टिकवणं हे काम संस्थेशिवाय कोणी करू शकत नाही.

तरुणांची बाजूही तीच आहे. हिंजवडीत भाड्याच्या घरात अकरा महिन्यांचा करार असतो, प्रोजेक्ट बदललं की शहर बदलतं आणि ऑनसाइटचा ईमेल आला की तीन आठवड्यांत विमानात. भारतातली माती परदेशात नेता येत नाही. वॉशिंग्टनला गेलेल्या त्या ५३ झाडांना जो नियम लागला, त्याच जातीचे नियम आजही लागतात. मुळं धुऊन, कागदपत्रं करून, विलगीकरण सोसून एखादं झाड नेता येईलही, पण दहा नाही. मग सोडून जाताना कार विकली जाते, फ्रिज विकला जातो आणि पाच वर्षांचा वड वॉचमनला 'पाणी घाला बरं का' म्हणून दिला जातो. त्यापुढचं सगळ्यांना माहीत आहे.

जानेवारी २०१९मध्ये जपानच्या सायतामा प्रांतातल्या कावागुचीतून सात बोन्साय चोरीला गेली. त्यात चारशे वर्षांचा एक ज्युनिपर होता. त्या कुटुंबातल्या बाईंनी सोशल मीडियावर चोरांना उद्देशून लिहिलं, ते पाण्याबद्दल होतं: ही झाडं पाण्याशिवाय फार दिवस जगणार नाहीत, निदान नीट पाणी तरी घाला. काटोंच्या 'मैत्री'च्या भाषणांपेक्षा मला हा मजकूर या छंदाची घटना वाटतो. मालकी गेली तरी पाण्याची जबाबदारी पुढच्या हातात सोपवायची, मग तो हात चोराचा का असेना.

महाराष्ट्रात या दृष्टीने काय करता येईल, याची सामग्री आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. ते कोराकुएन एका सरंजामदाराचं खासगी होतं; १८८४ साली ते सार्वजनिक झालं, १९४५च्या बॉम्बहल्ल्यात होरपळलं आणि पुन्हा उभं केलं गेलं. एम्प्रेस गार्डन सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया तर १८३०ची. या संस्था टिकल्या त्या जमीन, नळ आणि पगारी माळी यांच्या जोरावर. दर संमेलनाच्या शिलकीतून एका सार्वजनिक बागेत जाळीखालचा एक कोपरा, तिथे सोडलेली झाडं आणि प्रत्येक झाडासोबत एक वही: कोणत्या वाड्याच्या भिंतीतून आणलं, शेवटची मुळं कधी छाटली, कोणती फांदी मुद्दाम राखली. जागतिक फेडरेशनने मंचावरच्या प्रात्यक्षिकांपेक्षा अशा कोपऱ्यांची यादी आणि अशा वह्यांचा साचा दिला, तर ती पुण्यातही उपयोगाची ठरेल आणि नैरोबीतही.

जॉन नाकांचं सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे 'गोशिन', अकरा ज्युनिपरांचं ट्रेमधलं वन. अकरा झाडं म्हणजे त्यांची अकरा नातवंडं. नातवंडं वाढली तशी झाडं वाढवली होती. १९८४ साली त्यांनी हे वन देऊन टाकलं. नातवंडांना नाही, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहाला. त्यानंतरही ते तिथे जात, कात्री घेऊन वाकत, आणि तिथल्या माळ्यांना कोणती फांदी कुठे न्यायची ते दाखवत.